वाळ्याच्या ताटीपासून तांब्याच्या नळीपर्यंत

लॅपटॉपच्या खोक्यात एक छोटी पुस्तिका असते आणि ती कोणी उघडत नाही. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते, ती अशी की हे यंत्र ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत वापरावे. पुसदमध्ये मार्च सरता सरता दुपारची हवा हा आकडा ओलांडते आणि जूनमध्ये पाऊस येईपर्यंत ती क्वचितच त्याच्या खाली उतरते. मे महिन्यात ४२-४३ अंश ही इथे बातमी नसते. म्हणजे वर्षातले दोन-अडीच महिने यंत्र त्याच्या कर्त्याने धरलेल्या हिशेबाबाहेरच्या हवेत चालत असते. याच दिवसांत गेमिंग लॅपटॉपचा पंखा किंचाळू लागतो, खेळ अडखळतो, कळफलकाला हात लावला की चटका बसतो आणि कधी कधी पडदा काळा होऊन सगळेच बंद पडते. दोष मग यंत्रावर जातो, नाहीतर खेळणाऱ्या पोरावर. माझे म्हणणे असे की पुसदमधले तापलेले ग्राफिक्स कार्ड हा आधी खोलीच्या हवेचा प्रश्न आहे आणि त्यानंतर यंत्राचा. हवेच्या या प्रश्नाशी वऱ्हाड फार पूर्वीपासून झुंजत आले आहे. ती झुंज कशी झाली हे पाहिले, तर आज काय करावे याचा क्रम बराचसा उलगडतो.

यवतमाळ शहर पठारावर आहे, पुसद त्या मानाने खाली, पूस नदीच्या खोऱ्यात, भोवती डोंगर. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडला गेला तेव्हा हा तालुका यवतमाळला जोडला, पण त्याचे ऊन कोणत्याही जिल्ह्यात तेच होते. या उन्हाशी जुन्या घरांनी जो व्यवहार केला तो साधा आणि पक्का होता. जाड मातीच्या भिंती, लहान खिडक्या, लाकडी तुळयांवर मातीचे धाबे. दिवसभरची उष्णता त्या मातीत मुरत मुरत आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची, आणि संध्याकाळी माणसे घराबाहेर, अंगणात किंवा धाब्यावर बाज टाकून झोपायची. इथे घर आणि वेळापत्रक दोन्ही मिळून थंडावा देत होते. दुपारी घर मिटून घ्यायचे, पहाटे उघडायचे, कामे सकाळच्या प्रहरी उरकायची. नवतप्याच्या नऊ दिवसांत तर भर दुपारी बाहेर पडणाराच वेडा ठरे. ही शिस्त अजून पुरती गेलेली नाही. उरलेल्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात मात्र त्या महिन्याच्या शेवटाकडे. इथला उन्हाळा वेगळा आहे हे सरकारी वेळापत्रकानेही मान्य केले आहे. ज्यांना ऐपत आणि अधिकार होता ते तर सरळ निघून जात. कॅप्टन रॉबिन्सनने १८२३ मध्ये पाहिलेले चिखलदरा पुढे वऱ्हाडातल्या साहेबांचे उन्हाळी ठिकाण झाले. बाकीच्यांना रांजण, माठ आणि ओला पंचा.

ओला पंचा आणि माठ यांच्यामागचे तत्त्व एकच आहे: पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जाते. या तत्त्वावर पूर्ण खोली थंड करण्याची रीत म्हणजे वाळ्याची ताटी. आईन-ए-अकबरीत अबुल फजलने वाळ्याच्या मुळ्यांपासून बनवलेल्या खसखान्याचे वर्णन केले आहे, त्यावर पाणी शिंपडले की उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो असे तो सांगतो. अकबराने वऱ्हाड घेतले ते १५९६ मध्ये, आणि आईनचे लेखन त्याच दशकातले. दरबारी चैन सामान्य घरी पोचायला वेळ लागला, पण वाळा हे गवत काही परके नव्हते, आणि ताटी दाराला टांगून तिच्यावर पाणी मारणे ही पुढे कचेऱ्यांची आणि वाड्यांची नेहमीची गोष्ट झाली. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या साहेबांनी तिला लाकडी पेटी आणि हाताने फिरवायचे पाते जोडले. ‘थर्मँटिडोट’ असे भारदस्त नाव असलेल्या त्या पेटीत वारा ओल्या खसमधून ओढून खोलीत ढकलला जाई. हात अर्थातच नोकराचे, आणि तो नोकर पेटीच्या बाहेर, उन्हाच्या बाजूला बसे. या पेटीतला माणूस काढून विजेची मोटर बसवली आणि वरून पाणी फिरवायला छोटा पंप लावला की आजचा कूलर तयार होतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटी शहरांत असे कूलर १९३० च्या दशकात घरोघर बसले, ताट्यांत वाळ्याऐवजी लाकडाचा भुसभुशीत कीस भरून. आपल्याकडे वीज गावात आल्यावर पत्रा कापणाऱ्या, वेल्डिंग करणाऱ्या स्थानिक कारागिरांनी तोच डबा बनवायला घेतला. विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी मार्चमध्ये रस्त्याच्या कडेला नव्या ताट्या, पंप आणि टब मांडलेले दिसतात. पोळ्याला बैल सजतो तसा उन्हाळ्याआधी इथे कूलर सजतो.

कूलर विदर्भात इतका रुजला आणि कोकणात रुजला नाही, याचे कारण हवेच्या कोरडेपणात आहे. बाहेर ४३ अंश असतील आणि हवेत ओल फक्त १५ टक्के असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापीचा पारा साधारण २३ अंशांवर थांबतो. बरा कूलर या दोन आकड्यांमधले तीन-चतुर्थांश अंतर कापतो, म्हणजे त्याच्या तोंडाशी २८ अंशांची हवा मिळते. मुंबईच्या मे महिन्यात हे गणित जमत नाही, कारण तिथली हवा आधीच ओली. निसर्गाने वऱ्हाडला ऊन रखरखीत दिले, पण त्याच रखरखीत त्यावरचा उताराही ठेवला.

आता एक गोष्ट, जी आपण सहसा विसरतो. गार हवेची आधुनिक यंत्रणा माणसासाठी म्हणून जन्मलीच नाही, ती मालासाठी आणि यंत्रासाठी जन्मली. विलिस कॅरियरने १९०२ मध्ये जी यंत्रणा आखली ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी होती. तिथे दमट हवेत कागद फुगे, आकसे आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसत नसे. त्याहीआधी, आपल्या विदर्भात, नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी हवेत ओल राखणारी यंत्रे बसवली. १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेल्या या गिरणीपुढची अडचण उलट होती: कोरड्या हवेत सूत तुटते. यवतमाळ-पुसदच्या काळ्या मातीतला कापूस ज्या हवेत चांगला पिकतो, त्याच हवेत तो कातला जाताना बिघडतो. म्हणून सुतासाठी हवा बदलली. गिरणीतल्या माणसाला त्याचा फायदा झाला की तोटा, हा वेगळा आणि बराच कडू विषय आहे. मुद्दा इतकाच की यंत्र चालवायचे तर आधी हवा ताब्यात घ्यावी लागते हे विदर्भाला संगणक येण्याच्या शंभर वर्षे आधी ठाऊक होते.

संगणक आला तोही याच थाटात. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ मध्ये आलेला एचईसी-२एम असो किंवा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात बसवलेला सीडीसी ३६००, त्यांना वातानुकूलित खोल्या हव्याच होत्या. संगणक घ्यायचा म्हणजे खोलीसकट घ्यायचा. वैयक्तिक संगणक आले, ते लहान गावांत पोचले, तरी हा मान काही वर्षे टिकून होता. पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये सुरू झाले, आणि २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाल्यानंतर एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गावागावांत निघाले. त्या काळातला महाराष्ट्रातला संगणक कक्ष आठवा: दाराबाहेर चपलांचा ढीग, काचांना पडदे, आत एसी किंवा निदान त्याची आशा, आणि पडद्यावर प्लास्टिकची झूल. चपला बाहेर काढण्याच्या चालीत थोडा देव्हाऱ्याचा भाव होता हे खरे, पण तिच्यामागे शुद्ध तांत्रिक कारणही होते. धूळ आत गेली नाही तर यंत्राची जाळी बुजत नाही. पुढे यंत्र स्वस्त झाले, लॅपटॉप होऊन गादीवर आले, आणि त्याच्याबरोबर येणारी खोली मात्र मागेच राहिली. पाहुणा घरातला झाला की त्याचे लाड थांबतात, तसेच हे. गंमत अशी की ज्या काळात लाड थांबले नेमक्या त्याच काळात यंत्राच्या पोटातली आग वाढत होती.

ही आग कशी वाढली हे पाहण्यासारखे आहे. १९९६ मध्ये आलेल्या थ्रीडीएफएक्सच्या व्हूडू कार्डावर पंखा नव्हता, उष्णता पसरवणारी जाळीही नव्हती. चिप उघडी, आणि तिचे भागत होते. १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ काढले आणि ‘जीपीयू’ हा शब्द रूढ केला, तेव्हा चिपच्या डोक्यावर छोटा पंखा बसला. २००३ च्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्राचा पंखा इतका घोंगावे की त्याला केरकचरा ओढणाऱ्या यंत्राचे टोपणनाव पडले. दरम्यान, नोव्हेंबर २००० मध्ये जीफोर्स२ गो या नावाने हे कुळ लॅपटॉपमध्येही शिरले होते. २०१६ पासून लॅपटॉपमधली कार्डे मेजावरच्या संगणकातल्या कार्डांच्या जवळपास पोचली, आणि २०१७ पासून तीच पातळ यंत्रांत कोंबण्याची मॅक्स-क्यू नावाची चढाओढ सुरू झाली. आज खेळाच्या ऐन रंगात एका मध्यम गेमिंग लॅपटॉपमधून शंभर ते दीडशे वॅट उष्णता बाहेर पडते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅट टाकतो. म्हणजे पोरगा लॅपटॉप उघडून बसला की खोलीत दीड माणूस वाढला असे समजावे, आणि तो दीड माणूस दोन बोटे जाडीच्या डब्यात कोंडलेला.

या डब्यातून उष्णता बाहेर काढण्याची जी युक्ती आहे तिने मला नेहमी थक्क केले आहे. चिपच्या पाठीवरून तांब्याच्या चपट्या नळ्या निघतात आणि कडेच्या पातळ पापुद्र्यांच्या जाळीपर्यंत जातात. त्या भरीव नसतात. आतली हवा काढून त्यांत थोडेसे पाणी सोडलेले असते. गरम टोकाला ते पाणी वाफ होते, वाफ गार टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत परत येते. १९६३ मध्ये अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हरने ही नळी सिद्ध केली, अवकाशयानांचा विचार डोळ्यापुढे ठेवून. तत्त्व माठाचेच, फक्त माठ बंद केलेला. फरक मात्र मोठा आहे. मातीच्या माठातले पाणी हवेत कायमचे निघून जाते, म्हणून माठ हवेपेक्षा गार होऊ शकतो. बंद नळीतले पाणी आतल्या आत फिरते, म्हणून ती उष्णता फक्त एका जागेहून दुसरीकडे नेते. शेवटी जाळीवरून पंख्याने ढकललेली खोलीची हवाच ती उचलणार. खोलीच्या हवेपेक्षा गार होणे या यंत्रणेच्या हातात नाहीच.

इथे थोडे गणित करावे लागेल, आणि ते कोणालाही जमेल असे आहे. गरम वस्तूतून हवेत किती उष्णता जाईल हे ढोबळमानाने दोघांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. अनेक लॅपटॉप कार्डे ८७ अंशांच्या आसपास पोचली की स्वतःचा वेग कापतात. खोली २५ अंशांची असेल तर फरक ६२ अंशांचा मिळतो. समजा त्या फरकावर यंत्रणा शंभर वॅट बाहेर टाकते. खोली ४२ अंशांची झाली की फरक उरला ४५. मग तोच पंखा, तीच जाळी फक्त ७३ वॅट टाकू शकते, आणि कार्डाला तेवढ्यावरच भागवावे लागते. पंखा कितीही ओरडला तरी या ४५ चे ६२ होत नाहीत. आता कूलर लावून लॅपटॉपपाशी २८ अंशांची हवा आणा. फरक ५९ झाला, शंभरातले ९५ वॅट परत मिळाले. यंत्राला स्क्रूड्रायव्हरही लागला नाही. वाफेचाही हिशेब सांगतो: दीडशे वॅटचे यंत्र तासभर चालले तर त्याने टाकलेली सारी उष्णता उडून जाताना शोषायला पाव लिटरहून थोडे कमी पाणी पुरते. पुसदच्या कूलरचा टब भरताना यापेक्षा जास्त पाणी जमिनीवर सांडते.

यावर दुरुस्तीच्या दुकानातला माणूस हसेल आणि म्हणेल, हे सगळे पुस्तकी आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहा लॅपटॉपांत धूळ अडकलेली असते आणि पेस्ट वाळलेली असते. त्याचे निरीक्षण खरे आहे आणि मी ते खोडणार नाही. चिप आणि तांब्याच्या मधली पेस्ट दोन-तीन वर्षांत सुकते किंवा कडेला सरकते, पंख्याच्या तोंडाशी नमद्यासारखा थर बसतो, आणि मग पुण्याच्या डिसेंबरातही यंत्र तापते. साफसफाई आणि नवी पेस्ट हे अटळ काम आहे. पण त्यावर दोन गोष्टी विचाराव्या लागतात. पहिली, धूळ आली कुठून? कपाशीच्या काळ्या मातीचा मुलूख, उन्हाळवाहीनंतर उघडी पडलेली शिवारे, वावटळी. शिवाय दुपारी बंद आणि रात्री सताड उघड्या खिडक्या. म्हणजे धूळही त्या हवेचाच भाग झाली. दुसरी, ज्या यंत्राची पेस्ट ताजी आणि जाळी स्वच्छ आहे ते नवेकोरे यंत्रही मेमध्ये इथे वेग कापते. याचे उत्तर पेस्टपाशी नाही. साफसफाईने यंत्र आपल्या मूळ क्षमतेवर येते. मूळ क्षमताच ३५ अंशांपर्यंतची धरलेली असेल तर पुढचे अंश साफसफाई कुठून आणणार?

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. गेमिंग लॅपटॉप सगळीकडेच तापतात, युरोपातसुद्धा. कंपन्या त्यांना मर्यादेच्या काठावर चालवायला बनवतात, मग यात पुसदचे वेगळेपण काय? वेगळेपण इतकेच की काठावर उभ्या असलेल्याला ढकलायला फार जोर लागत नाही. याचा पुरावा उन्हाळी सुटीत मिळतो. पुण्याला, हैदराबादला शिकणारी मुले मे महिन्यात यंत्र घेऊन घरी येतात, आणि वसतिगृहात जे वर्षभर सुरळीत चालले ते इथे आल्यावर आठ दिवसांत ‘बिघडते’. जूनमध्ये परत गेले की ‘सुधारते’. बदलली ती खोली. आणि आजची खोली धाब्याच्या घरातली नाही. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री अकरा-बारापर्यंत ते खाली सोडत राहतो. बाहेरची हवा ३० वर उतरली तरी वरच्या मजल्यावरची खोली ३६ वर अडून असते, आणि नेमकी हीच पोरांची खेळायची वेळ. आजोबा या वेळी बाजेवर होते. स्लॅबने घर पक्के केले यात वाद नाही, पण त्याने उन्हाळ्याचे वेळापत्रक मोडले, आणि मोडलेले वेळापत्रक पहिल्यांदा जाणवते ते तापणाऱ्या यंत्राला.

तिसरा आक्षेप घरातल्या मोठ्यांचा: कूलरची हवा ओली, ती यंत्रात गेली तर शॉर्ट होईल. ही भीती अर्धी चुकीची आणि अर्धी बरोबर आहे. हवेतल्या वाफेचे दवबिंदू फक्त हवेपेक्षा गार पृष्ठभागावर धरतात. चालू लॅपटॉपचा प्रत्येक भाग खोलीपेक्षा गरम असतो, त्यावर दव धरणार नाही. पण कूलर वाफेबरोबर बारीक तुषारही फेकतो, विशेषतः ताटी नीट बसली नसेल तर, आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. ते तुषार उडून गेले तरी क्षार मागे राहतात, आणि ओलसर धूळ जाळीवर कोरड्या धुळीपेक्षा घट्ट बसते. म्हणून लॅपटॉप कूलरच्या थेट तोंडाशी ठेवू नये, सहा-सात हात दूर, बाजूला ठेवावा. खोलीची एक खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर ओल साठते आणि कूलर काम करायचा थांबतो. पावसाळा लागला की कूलरचा उपयोग संपतोच. तेव्हा बाहेर ३२ अंश आणि हवा ओलीचिंब असते, कूलरने तीन अंशही उतरत नाहीत. पण तेव्हा यंत्र पुन्हा आपल्या ३५ च्या आत आलेले असते. आणि लॅपटॉपपेक्षा मोठा धोका माणसाला आहे. पत्र्याच्या कूलरमध्ये वीज उतरून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. पाणी भरताना प्लग काढावा, अर्थिंग तपासून घ्यावे. हे ग्राफिक्स कार्डाच्या लेखात लिहावे लागते हे विचित्र वाटेल, पण न लिहिणे बरे नाही.

मग एसीच का नको, असा प्रश्न राहतोच. ज्याला परवडतो त्याने जरूर लावावा. कॅरियरचे यंत्र मुळात यंत्रांसाठीच होते. पण वऱ्हाडातल्या उन्हाळ्याचा अनुभव असा की गार हवा जितकी विजेवर अवलंबून तितकी ती नेमकी हवी तेव्हा जाते. २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण निघाली, आणि नंतरची काही वर्षे भारनियमनाची म्हणूनच लक्षात राहिली. त्या दिवसांत लॅपटॉप लहान गावांत लोकप्रिय झाला तो बॅटरीमुळे. वीज गेली तरी काम चालते, हे त्याचे मोठेपण. मात्र बॅटरीवर कार्ड आपोआप मंदावते, आणि इन्व्हर्टरवर पंखा फिरतो पण एसी फिरत नाही. कूलर थोड्या विजेवर चालतो, ताटी विजेशिवायही काम करते, आणि संध्याकाळी गच्चीवर मारलेल्या चार बादल्या पाण्याला किंवा उन्हाळ्याआधी स्लॅबवर फासलेल्या चुन्याला कोणतेच भारनियमन लागू नाही.

तापण्याने फक्त खेळ मंदावतो, त्यात एवढे काय, असे मानणाऱ्यांनी २००८ साल आठवावे. त्या जुलैमध्ये एनव्हिडियाने जाहीर केले की लॅपटॉपमधल्या काही चिपा वाजवीपेक्षा जास्त प्रमाणात निकामी होत आहेत, आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. दोष चिपच्या बांधणीतल्या मालाचा होता, पण तो उघडा पडला तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांमुळे. तापले की फुगायचे, निवले की आकसायचे, आणि बारीक डाखांना तडे जायचे. पुढे आपल्याकडच्या दुरुस्तीच्या दुकानांवर ‘चिप लेव्हल’ आणि ‘रीबॉलिंग’ अशा पाट्या लागल्या. गरम हवेने चिप उकलून खालचे डाख नवे बसवण्याचा हा धंदा. काही जण नुसती चिप तापवून यंत्र चालू करून देत, आणि ते महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा बंद पडे. बांधणी आता सुधारली, पण तापण्या-निवण्याचा धातूवरचा परिणाम कोणत्याही कंपनीने रद्द केलेला नाही.

या सगळ्यातून कामाचा जो क्रम निघतो तो दुकानात सांगतात त्याच्या उलटा आहे. आधी हवा: खोली, कूलर, खिडकी, स्लॅब. मग वेळ: जड खेळ किंवा अभियांत्रिकीच्या मुलांची तासन्‌तास चालणारी कामे पहाटे चारनंतर, बाहेरची हवा सर्वांत खाली असताना. मग बैठक: गादीवर लॅपटॉप ठेवला की खालची तोंडे बुजतात, म्हणून लाकडी पाट, आणि मागच्या बाजूला बाटलीची दोन झाकणे. मग मागणी कमी करणे: खेळाला सेकंदाला साठ चित्रांवर थांबवले, किंवा कार्डाचा वेग आणि व्होल्टेज थोडे उतरवले, तर उष्णता भराभर कमी होते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, वेग त्या मानाने फार थोडा जातो. आणि मग यंत्र उघडणे, झटकणे, पेस्ट बदलणे, तेही शक्यतो मार्चमध्ये, कूलरच्या ताट्या बदलतो त्याच आठवड्यात. पुसदमध्ये यंत्राची निगा पंचांगाला धरून ठेवली तरच तिचा उपयोग.

खेळणाऱ्या पोरांच्या लाडांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल तर त्याने हे ध्यानात घ्यावे की ज्या कार्डावर खेळ चालतो त्याच कार्डावर आज इमारतीचे आराखडे, चित्रफितींचे संकलन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोगही चालतात, आणि तालुक्याच्या गावातल्या मुलाजवळ दुसरे कार्ड नसते. खरी तक्रार करायची तर ती पुस्तिकेतल्या त्या ओळीबद्दल करावी. या देशात लाखोंनी विकल्या जाणाऱ्या यंत्रावर ३५ चा आकडा छापायचा आणि ते पुसद, अकोला, चंद्रपूरला विकायचे, यात हिशेब विकणाऱ्याच्या सोयीचा आहे. नवा लॅपटॉप घेणाऱ्याला माझी विनंती एवढीच: किती फ्रेम, किती जीबी हे विचारून झाले की ४२ अंशांच्या खोलीत याचे कार्ड किती वॅट टिकवते हेही दुकानदाराला विचारा. त्याला उत्तर येणार नाही. तरी विचारा.